ओवाळतो तिकडं घट्ट

नाव : चंद्रप्पा मल्लिकार्जुन बिडवे.

एवढं गौरम्मानं एका दमात लिहिलं. मास्तरांना, तिच्या नवऱ्याला, जाऊन तीन महिने झाले होते. ज्या शाळेत त्यांनी सव्वीस वर्षं पोरांना फिटरचं काम शिकवलं, तिथं त्यांची तसबीर लागणार होती. तसबिरीखालची माहिती घरच्यांनी भरून द्यायची होती. घरचे म्हणजे ती एकटी.

जिल्हा :

छापलेलं 'उस्मानाबाद' कुणीतरी खोडून वर शाईनं 'लातूर' केलं होतं. नवा जिल्हा होऊन वर्ष भरत आलं होतं, कागद जुनेच होते. नळ चार दिवसांआड, तोही तासभर. स्वयंपाकघरातलं पिंप हेच घराचं धरण, आणि मास्तर गेल्यापासून नेमकी त्याचीच तोटी गळत होती. टप. टप. खाली पातेलं ठेवायचं, भरलं की पिंपात ओतायचं. डोळा लागला की पातेलं भरून वाहायचं.

मास्तरांच्या दोन विद्यार्थ्यांना तिनं निरोप धाडले. "येतो की काकू," म्हणाले. नव्या कचेऱ्यांची कामं निघाली होती. आलं कुणीच नाही. स्वतः हात लावायची तिची छाती होत नव्हती. "तू राहू दे, मी बघतो," हेच तिनं जन्मभर ऐकलेलं.

समाजसेवा :

इथं पेन अडलं. बहात्तरच्या दुष्काळात गावोगाव हापसे बसले, तेव्हापासून मास्तरांचा एक रविवार घरी गेला नव्हता. पान्यांची पिशवी, दोन भाकरी, एसटी. निवृत्त झाल्यावर सोमवारही गेले.

"काय करता हो तिथं?"

"हापसा."

तेवढ्यावर बोलणं संपायचं. तेवढ्यानं रकाना भरेना.

शेवटी तिनं पान्यांची पिशवी उचलली आणि मास्तर धरायचे तीच चाकूरची एसटी धरली. ज्यांच्यासाठी एवढे रविवार गेले, त्यांच्यातलं कुणीतरी येऊन तोटी बघेल. मग पिशवी त्यालाच देऊन टाकू.

(रकान्यात न मावलेलं)

चाकूरच्या अलीकडं, फाट्यावरच्या हापशाला घागरींची रांग होती. पन्नाशीची एक बाई पदर खोचून हापशाचं डोकं उघडून बसली होती.

"कोण पाहिजे, अक्का?"

"मी बिडवे मास्तरांची..."

"अगं बया! मास्तरीणबाई? मी धुरपता. मास्तर गेल्याचं एसटीवाल्यांकडनं कळलं. बसा की." तिचा हात थांबला नाही. "आम्हाला वाटलं, मास्तरला घरदारच न्हाई. दर आईतवारी हितंच पडीक!"

बाया हसल्या. गौरम्माही हसली, जरा उशिरा.

"आता दुरुस्तीला कोण येतं?"

"कशाला कोण यायला पाहिजे? मास्तरनी शेवटचा नट कधी आवळलाच न्हाई. 'तो तुमचा,' म्हणायचे. आधी आम्ही उलटंच फिरवायचो. मग म्हणले, पाडव्याला मालकाला ओवाळता न्हवं? ओवाळतो तिकडं घट्ट, उलटं फिरलं की सैल." धुरपताबाईनं पाना खाली ठेवला. "'आमच्या घरात ओवाळतात तवा मी हातच बघत असतो,' म्हणायचे. लई हसायचो आम्ही."

गौरम्माच्या ओठावर आलेलं तोटीचं बोलणं तिथंच राहिलं. पिशवीही कुणी घेतली नाही. धुरपताबाईकडं स्वतःचा पाना होता, मास्तरांनीच दिलेला.

विशेष आठवण :

दुपार कलताना ती घरी पोचली. चपला काढून सरळ पिंपापुढं बसली. तोटीच्या नटाला पाना लावला.

गेल्या पाडव्याला मास्तर पाटावर असेच समोर होते. मान खाली, नजर तिच्या हातावर. तिला वाटायचं, लाजतात.

तिनं हात तसाच फिरवला. एक फेरा. अर्धा.

टप.

मग काही नाही.

तोटी कोरडी झाली. बाहेरून एक टांगा गेला, त्याचाही आवाज विरला. घरात ऐकण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. ती तरी ऐकत बसली.

मग कागद पुढं ओढून समाजसेवेपुढं तिनं लिहिलं : शेवटचा नट दुसऱ्यांना आवळू दिला. खालचा 'विशेष आठवण'चा रकाना कोराच ठेवला.

पुन्हा पिंपाशी गेली. पाना उलटा फिरवला, जेमतेम नखभर, आणि खाली पातेलं सरकवलं.

टप.