बाबांचे पंचवीस बहिरे

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या होत्या, पायऱ्या भरल्या होत्या, आणि सगळ्यांचे डोळे मंचावरच्या भल्यामोठ्या पडद्याला चिकटले होते. पडद्यावर एक कान होता. खोलीएवढा, केसांसकट. नादबाबांनी निळ्या बाटलीतला एक थेंब त्या कानात सोडला, डोळे मिटले आणि माइकवर हलकेच म्हणाले, "कानाला सात पडदे असतात. डॉक्टरांना एकच ठाऊक आहे. मी सातवा उघडतो आहे."

मग त्यांनी टाळी वाजवली. कानाचा मालक दचकला, गुडघ्यांवर बसला आणि हुंदके देत म्हणाला, "ही तर माझ्या आईची हाक!" हा माणूस जन्मबहिरा असल्याचं पाचच मिनिटांपूर्वी जाहीर झालं होतं. जन्मात एक शब्द न ऐकलेला माणूस पहिल्याच फटक्यात इतकं शुद्ध कसं बोलला, हा प्रश्न त्या गर्दीत एकालाही पडला नाही. पहिल्या रांगेतले निवृत्त इंजिनिअर तर चष्मा काढून डोळे पुसत होते.

मागच्या रांगेत हत्तीवाली बसली होती. गल्लीत तिला याच नावाने ओळखत, कारण वर्षातले आठ महिने ती जंगलात हत्ती मोजत असे. बाबांचा तिला मनस्वी तिटकारा आला होता, पण उठून जाता येत नव्हतं. शेजारी तिची वहिनी होती आणि वहिनीच्या मांडीवर भाची झोपली होती. टाळ्यांच्या एवढ्या कडकडाटातही पोरगी जागी झाली नाही. तिला ऐकूच येत नव्हतं. कानात यंत्र बसवायच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. जितका उशीर कराल तितकं बोलणं शिकायला जड जाईल, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. आणि वहिनीने ती तारीख परस्पर पुढे ढकलली होती, कारण बाबांकडे नंबर लागला होता.

घरी आल्यावर दोघींची जुंपली. दादा शहाण्यासारखा वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसला.

"एक माणूस खोटं बोलेल, दोन बोलतील," वहिनी म्हणाली. "लाखभर लोक बरे झालेत. ते सगळे खोटारडे? आणि डॉक्टर माझ्या पोरीच्या कवटीला भोक पाडणार आहेत, ताई. तुम्हाला सोपं आहे बोलायला."

वहिनी मूर्ख नव्हती, घाबरलेली होती, आणि बाबांचं दुकान अशाच घाबरलेल्या माणसांवर चालत होतं. याचाच हत्तीवालीला सगळ्यात जास्त संताप आला.

पण लाखभर हा आकडा तिच्या डोक्यातून जाईना. आकडा कुणी फेकला की तो कसा मोजला हे विचारायची तिला खोडच होती. जंगलातले सगळे हत्ती एकदम कधीच दिसत नाहीत. म्हणून दिसतील त्यांचे कान टिपायचे, कारण कुठे कड फाटलेली असते, कुठे भोक असतं, आणि एकाचा कान दुसऱ्यासारखा नसतो. पुढच्या फेरीत त्यातले किती पुन्हा दिसतात ते बघायचं. ओळखीचे थोडे निघाले तर कळप मोठा. बहुतेक ओळखीचेच निघाले तर कळप लहान.

आणि इथे तर बाबांनी स्वतःच कान पडद्यावर मांडले होते. त्यांचे चेले दर सभेचं चित्रीकरण मोठ्या तोऱ्यात इंटरनेटवर चढवत. दाढी लावता येते, चष्मा बदलता येतो, टोप घालता येतो. कान बदलायची युक्ती कुणाला सुचली नव्हती. हत्तीवालीने दोन वेगवेगळ्या गावांतल्या सभा घेतल्या, प्रत्येकीतून वीस उजव्या कानांचे फोटो छापले, आणि दोन्ही गठ्ठे वहिनीपुढे टेबलावर ठेवले.

वहिनीचा कोपऱ्यावर पासपोर्ट फोटोचा स्टुडिओ होता. केस मागे घ्या, कान दिसू द्या, हे वाक्य तिच्या तोंडात बसलेलं होतं. कानांच्या बाबतीत तिची नजर हत्तीवालीपेक्षाही तयार होती.

"जोड्या लावून दे," हत्तीवाली म्हणाली. "बाकी काही बोलत नाही मी."

वहिनी फणकाऱ्यानेच बसली. ही चिकटलेली पाळी, हा वरच्या कडेचा तीळ, ही फाटकी पाळी. बघता बघता सोळा जोड्या लागल्या. मग हत्तीवालीने पूर्ण चेहऱ्यांचे फोटो पुढे सरकवले. फाटक्या पाळीचा माणूस एका गावात ट्रकचालक होता, दुसऱ्या गावात दाढीवाला शिक्षक. दोन्हीकडे जन्मबहिरा, दोन्हीकडे आजच बरा झालेला.

"दुसऱ्या गठ्ठ्यातले पाचात चार कान ओळखीचे निघाले," हत्तीवाली म्हणाली. "म्हणजे पहिल्या वेळचे वीस हे सगळ्या कळपाचे पाचात चार. कळप साधारण पंचविसांचा. लाखाचा नाही."

"मग खरे बहिरे कुठे जातात?" वहिनीने हळूच विचारलं.

त्यांना चेले बाजूच्या खोलीत बाटली देऊन श्रद्धा वाढवायला सांगत आणि घरी पाठवत. ते परत येत नसत, आणि जो परत येत नाही तो बरा झाला असं बाबा धरत. जंगलात एखादा हत्ती पुन्हा दिसला नाही तर तो मेला असेल किंवा दुसरीकडे गेला असेल, हे धरूनच हिशेब करावा लागतो. तो कुठेतरी मजेत आहे असं लिहिलं तर नोकरी जाईल. बाबांची मात्र भरभराट झाली होती.

पुढच्या सभेला वहिनी आपणहून गेली आणि मंचाला खेटून उभी राहिली. फाटकी पाळी पडद्यावर आली. आज ती एका जन्मबहिऱ्या मूर्तिकाराची होती. बाबांनी बाटली उघडली, सभागृह शांत झालं, आणि वहिनी स्टुडिओत बोलते त्याच आवाजात म्हणाली, "साहेब, जरा उजवीकडे बघा."

साहेबांनी बघितलं. पडद्यावरचा कान सरकला आणि त्या जागी एक भलामोठा, गोंधळलेला डोळा आला. थेंब अजून बाटलीतच होता.

आधी एक पोरगी हसली, मग एक रांग, मग अख्खं सभागृह. "माझा नाद दुरूनही पोहोचतो," असं बाबा म्हणाले खरे, पण वहिनीने फोटोंच्या जोड्या वर धरल्या होत्या आणि लोक त्या बघायला पुढे लोटत होते. बाबा मागच्या दाराने सटकले. निवृत्त इंजिनिअर तेवढे शेवटपर्यंत टाळ्या वाजवत राहिले.

भाचीचं ऑपरेशन महिनाभरात झालं. जखम भरल्यावर यंत्र पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा ती आईची हाक वगैरे काही म्हणाली नाही. ती घाबरून रडली आणि वहिनीच्या पदरात तोंड लपवून बसली. बोलायला कधी लागेल, हे वहिनीने डॉक्टरांना विचारलं. नक्की सांगता येत नाही, वर्ष-दोन वर्षं रोज शिकवावं लागेल, काही मुलांना जास्तही लागतात, असं डॉक्टर म्हणाले.

बाबा आता दुसऱ्या कुठल्या तरी शहरात सातवा पडदा उघडत असतील. तुमच्या गावात आले तर मंचावर कोण रडतंय ते बघत बसू नका. बाटली घेऊन घरी गेलेली माणसं शोधा, त्यांच्या दारावर थाप मारा, आणि आतून कुणी ओ देतं का ते बघा.