सव्वा एकर आणि एकच फाटक

सगळे तिला कलमवालीच म्हणत. लिंबू असो, डाळिंब असो, तिच्या हातचं कलम धरायचंच. वडिलांच्या माघारी सव्वा एकर पडीक जमिनीवर तिने एकटीने रोपवाटिका उभी केली. दादा, म्हणजे थोरला भाऊ, शहरात भूगोल शिकवायचा आणि दोन वर्षांतून एकदा येऊन "छान केलंयस" म्हणायचा. निवृत्त झाला आणि त्याने वाटणीचा दावा लावला.

दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा, यावर वाद नव्हताच. घोडं अडलं जमिनीच्या आकारावर. रस्त्याकडे जेमतेम एक फाटक मावेल एवढं तोंड, आत मात्र ऐसपैस. कोर्टाने नेमलेला मोजणीदार तीनदा येऊन गेला. उभी रेघ मारली की विहीर एकाकडे, आडवी मारली की रस्ता एकाकडे.

"मला मागचा तुकडा द्या," ती न्यायाधीशबाईंना म्हणाली.

"तिथे जाणार कुठून?"

"फाटकातून. पूर्वीपासून जाते तशीच."

"माझ्या हिश्शातून रोज गाड्या जाणार असतील, तर मला चालणार नाही," दादा म्हणाला. भूगोलाच्या मास्तरला वाटेचं महत्त्व कोण सांगणार!

सहा तारखा अशाच गेल्या. एकदा वकील आजारी, एकदा नकाशाच फायलीतून गायब. दर तारखेला ती पहाटे रोपांना पाणी घालून निघायची आणि दुपारी रिकाम्या हाताने परतायची. शेवटी दादाने अर्ज दिला, जमीन विका आणि पैसे वाटून द्या.

"निम्म्या हिश्शाचा मालक विक्री मागू शकतो," तिच्या वकीलबाईंनी समजावलं. "पण तुम्हाला पहिला हक्क आहे. कोर्ट ठरवेल त्या किमतीला दादांचा हिस्सा तुम्ही घ्यायचा."

तिला हायसं वाटलं. पडीक जमिनीची किंमत ती असून असून किती असणार? मूल्यांकनाचा कागद हातात पडला तेव्हा मात्र तिचं डोकंच फिरलं. मूल्यांकन करणाऱ्या साहेबांनी फळझाडं धरली होती, विहिरीवरचा पंप धरला होता, कुंपणसुद्धा सोडलं नव्हतं.

"अहो, हे सगळं मी केलंय! माझ्या घामाची किंमत मीच दादाला द्यायची?"

"तुम्ही केलंय हे सिद्ध करा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "पावत्या आहेत?"

पंपाची होती. कुंपणाची अर्धवट. झाडांची कुठून असणार? "स्वतः बांधलेल्या कलमाची पावती कुणाकडून घ्यायची बाई?" ती म्हणाली. कोर्टात दोघं-तिघं हसले. तिला हसू आलं नाही.

मग वकीलबाईंनी दादालाच साक्षीला उभं केलं. "झाडं कुणी लावली?"

दादाच्या वकिलांनी घसा खाकरला. दादाने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तिने," तो म्हणाला. "सगळी तिनेच. मी एक खड्डासुद्धा खणला नाही."

झाडं, पंप, कुंपण वगळून नव्याने किंमत लावा, असा हुकूम झाला. ती आली पहिलीच्या निम्म्याहूनही खाली. बँकेत तेवढंही कर्ज मिळेना. तारणाला काय, तर तीच वादातली जमीन! कोर्टाने पैसे भरायला दिलेली मुदत टळली आणि लिलाव झाला. फरशीच्या व्यापाऱ्याने जमीन घेतली. झाडांचे पैसे तिला वेगळे मिळाले, झाडं व्यापाऱ्याकडे राहिली.

कोर्टाच्या जिन्यात दादाने तिला गाठलं. "चिमे, मी खरं बोललो ना?"

"बोललास. मग दावा का नाही मागे घेतलास?"

"मलाही डोक्यावर छप्पर हवंय. भाड्याच्या खोलीत म्हातारपण काढू?"

"मला विचारायचंस तरी! एका कोपऱ्यात घर बांधलं असतंस."

"तू हो म्हणाली असतीस?"

ती तावातावाने उत्तर द्यायला गेली आणि अडली. दावा लागण्याआधी हो म्हणाली असती का, तिचं तिलाच सांगता येईना. त्याचाच जास्त राग आला.

कुंड्या आणि पिशव्यांतली रोपं तिने टेम्पोत भरली आणि गिरणीमागची एक भाड्याची जागा गाठली. मालकाने अकरा महिन्यांचा करार पुढे केला. सही करण्याआधी तिने एकच विचारलं, "जागा तुमच्या एकट्याच्या नावावर आहे ना?"

"छे! आम्ही चौघं भाऊ आहोत," मालक म्हणाला.

तिने कपाळावर हात मारला आणि सही केली. रोपं उन्हात तापत होती.