काय म्हणतोय तो?

कुसुमनं श्रीरंगच्या कोटाची बाही हळूच ओढली.

"काय म्हणतोय तो?"

रविवारचा दुपारचा खेळ होता. जर्मनीत, कार्ल्सरूहे गावातल्या त्या लहानशा थिएटरात निम्म्या खुर्च्या रिकाम्याच होत्या. पडद्यावरचा खलाशी नावेच्या काठावर बसून शेजारच्या मुलीशी बोलत होता, आणि श्रीरंग कुसुमच्या कानाशी वाकून एकेक वाक्य मराठीत सांगत होता. लग्न होऊन ती इथं आली त्याला चार महिने झाले होते. एवढ्या दिवसांत तो तिच्याशी बोलला नव्हता तेवढं गेल्या तासाभरात बोलला होता.

"म्हणतोय, तुला एक सांगायचंय. कुणालाच सांगितलेलं नाही."

"मग?"

श्रीरंग जरा थांबला.

"म्हणतोय, लहानपणी मी बोलताना अडखळायचो. वर्गात मुलं हसायची. अजूनही प्रोफेसरांकडं जायचं तर आधी वाक्य मनात घोळवून घ्यावं लागतं."

कुसुम पडद्याकडं पाहत राहिली. श्रीरंग प्रयोगशाळेत गेला की घरमालकीण फ्राउ केलर तिला स्वयंपाकघरात बसवून, वस्तू दाखवून जर्मन शिकवायची. 'वासर' म्हणजे पाणी. आणि खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला की कुसुम दचकायची, ते 'आंग्स्ट', म्हणजे भीती. खलाशी तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याला पाण्याची भीती वाटत होती. बोलण्याची नव्हे.

तिनं मान वळवली नाही.

"पुढं काय म्हणतो?"

"म्हणतो, मुलगी बघायला गेलो तेव्हाही सगळं काकाच बोलले. घरीसुद्धा तसंच. काही बोलावंसं वाटतं, पण वाक्य जुळेपर्यंत ती उठून भाजी ढवळायला जाते."

नावेवर भाजी कुठली! कुसुमला हसू आलं. ते लपवायला तिनं पदर ओठांशी धरला, आणि मग डोळेही त्याच पदरानं टिपले. पानावर काय हवं विचारलं तरी हा नुसती मान हलवायचा. आपण पसंत नाही, हे तिनं मनाशी धरूनच ठेवलं होतं. परवा आईला पत्र लिहितानाही हात तिथंच थांबला होता.

खलाशाचं बोलून झालं. ती मुलगी त्याच्याकडं नुसती बघत होती.

"आता ती काय म्हणतेय, मी सांगू?" कुसुम म्हणाली.

"ती कुठं काही बोलली?"

"बोलली की. म्हणाली, मला वाटायचं, मी तुम्हाला आवडतच नाही. म्हणून उठून जायचे. आता नाही जाणार."

श्रीरंगनं एकदम तिच्याकडं पाहिलं. मागच्या रांगेतून कुणीतरी "प्स्स्ट!" केलं. त्यानं आवाज आणखी खाली आणला.

"कु... कु..."

शब्द अडला. कपाळावर आठी आली, गळ्याची शीर ताणली. पण या वेळी त्यानं तोंड मिटून घेतलं नाही.

कुसुमनं तो शब्द पुरा केला नाही. ती त्याच्याकडं वळून, हात मांडीवर ठेवून, स्वस्थ बसून राहिली.