अप्पांच्या गालातली वाट

मी सुई बोलतेय. गोधडीची नव्हे हो, तिच्याशी माझी बरोबरी करू नका! मी चांगली हातभर लांब आहे आणि माझं काम माणसाच्या गालातून आरपार जायचं. दचकलात ना? सगळेच दचकतात.

धारूरच्या एका लोहाराने मला घडवलं, घासून घासून गुळगुळीत केलं आणि मन्मथअप्पांच्या हातात दिलं. अप्पा धर्मापुरीचे पुरवंत. आमच्याकडे लिंगायतांच्या घरी लग्न असलं की आधी वीरभद्राचा गुग्गुळ, म्हणजे देवाची मिरवणूक, निघते. धुपाचा धूर, संबळाचा दणका, आणि पुढे पुरवंत खड्या आवाजात देवाची स्तुती म्हणत नाचतो. शेवटी तो मला गालातून पार करतो. बायका तोंडावर पदर घेतात आणि फटीतून बघतातच. पुरुष मोबाईल उंच धरतात.

पहिल्या वेळी अप्पांना नुकतं मिसरूड फुटलं होतं. ते घाबरले नाहीत, मीच घाबरले होते. अहो, दुखायचं त्यांना! गाल मला क्षणभर घट्ट धरून ठेवायचा. मग ते एक लांब श्वास सोडायचे आणि मला वाट मिळायची. वरून विभूती चोळली की झालं. रक्ताचा थेंब पडायचा नाही. लोक म्हणायचे, पुरवंत नेमाचा हाय. थेंब पडला तर पुरवंताच्या व्रत-नेमात चूक झाली, अशी आमच्याकडची समजूत.

मागच्या वर्षी अप्पांच्या छातीत दुखलं. अंबाजोगाईला नेलं, हृदयात जाळी बसवली. रक्त पातळ राहण्याची गोळी रोजची झाली. त्यांची मुलगी शिवांजली तिथेच नर्स आहे, ती फोन करून विचारायची, "अप्पा, गोळी घेतली का?" "घेतली की," अप्पा म्हणायचे.

आता माझं ऐका. मी पत्र्याच्या लांबट डब्यात विभूतीच्या पुडीशेजारी निजते. गावातल्या महादेवीबाईंच्या नातवाचं लग्न ठरलं आणि माझ्या डब्यात एक पांढरी गोळी येऊन पडली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. अप्पा पुटपुटले, "गुग्गुळ होऊ दे, मग घेतो. थेंब पडला न्हाई पायजे." मी डब्याच्या पत्र्यावर खणखणून पाहिलं. पण सुईचं कोण ऐकतो?

गुग्गुळाच्या सकाळी शिवांजली आली. मला उकळून घ्यायची तिची पद्धत. तिने डबा उघडला आणि गोळ्या घरंगळल्या.

"अप्पा, ह्या हितं कावून?"

अप्पा खाली वाकून गोळ्या वेचू लागले.

"छातीत जाळी हाय तुमच्या! रक्ताची गाठ झाली तर काय करायचं आमी?"

"आन् भर गुग्गुळात रगत आलं तर? तू दवाखान्यात ऱ्हातीस पोरी. मला हितं गावात तोंड दाखवायचंय."

"गाव येतंय का तुमाला परत आणायला?" असं म्हणाली आणि रडायलाच लागली. मग डोळे पुसून तिने गोळी आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

अप्पांनी गोळी गिळली. "घेतली बघ. झालं?" आणि मला काखेत मारून निघालेसुद्धा! ती बिचारी कापूस घेऊन मागे.

संबळ चढत गेला. अप्पांनी माझं टोक गालावरच्या जुन्या वणावर टेकवलं. तिथे मला त्यांची नाडी लागली, धडधड धडधड. मी म्हटलं, वीरभद्रा, आज माझं टोक बोथट कर रे बाबा!

अप्पांनी लांब श्वास सोडला. पण या वेळी मला आत घेतलं नाही. टोक बाजूला केलं आणि हात वर करून संबळ थांबवला.

"ऐका हो! छातीत जाळी हाय माझ्या, गोळी चालू हाय. आज देवाला शस्त्र न्हाई. नुस्ता आवाज देतो."

मागून कुणीतरी बोललाच, "मग पुरवंत कशाला आणला बे?"

महादेवीबाई गर्रकन वळल्या. "तुजा गाल आण की मग! ये, घे सुई!" सगळे खो खो हसले, तो गर्दीत कुठे गेला कळलंही नाही. बाई अप्पांना म्हणाल्या, "लई वर्सं गाल दिला देवाला. आता जीव जपा. म्हणा तुमी."

अप्पांनी म्हटलं. आवाज चिरकला, दम लागला, तरी म्हटलं. शिवांजलीच्या मुठीतला कापूस कोरडाच राहिला.

आता मी देवघरात असते. रोज सकाळी अप्पा माझ्यासमोर गोळी घेतात आणि मलाच सांगतात, "घेतली बघ." मग मला उचलून त्या वणावर आडवी टेकवतात. अप्पा, तुम्ही मला वाट दिलीत, मान दिलात, तुमचे उपकार कसे फेडू? इतकी वर्षं मी तुमच्या गालातून नुसती घाईने आले नि गेले. तो एवढा ऊबदार आहे, हे मला आत्ता कळतंय.