गव्हाणचे हूण

पनवेलच्या हायस्कुलात इतिहास शिकवणाऱ्या कमळाकर मास्तरांना हूणांचं वेड होतं. हे लोक मूळचे कुठले, चीनच्या सीमेवरून निघाले की आणखी कुठून, युरोपात धुमाकूळ घालणारे हूण आणि गुप्तांच्या काळात आपल्याकडे आलेले हूण एकच का, ते बोलत कोणती भाषा, यावर मुंबईहून पुस्तकं मागवून ते वाचत. संध्याकाळी वडाळे तळ्याच्या काठी निवृत्त वकील दाजींशी त्यांचा वाद चाले. मास्तर म्हणत, सगळे हूण एकाच मुळाचे, भाषा तुर्की वळणाची. दाजी म्हणत, "पुरावा आण."

१९५४ च्या थंडीत गव्हाणच्या लोकांनी शाळेच्या नव्या खोलीच्या उद्घाटनाला मास्तरांना बोलावलं. समोर मिठागरांत राबणारी माणसं कान देऊन बसली होती. मास्तर रंगात आले आणि त्या भरात म्हणाले, "गव्हाण या तुमच्या गावाच्या नावातच हूण दडलेला आहे. एखादी टोळी इथे खाडीकाठी येऊन राहिली असली पाहिजे." हा विचार त्यापूर्वी त्यांच्या मनातसुद्धा आला नव्हता. टाळ्या मात्र जोरात पडल्या.

काही दिवसांनी गव्हाणचा बळीराम त्यांच्या दारात आला. मास्तरांच्या बायकोने, शकूने, दिलेला चहा त्याने खाली ठेवला.

"मास्तर, माज्या मैनाचं लगीन जासईला ठरलं व्हतं. आता पोराची आय अडून बसलीय. म्हनते, ज्यांनी देवलं फोडली त्या हूणांची पोर मना नको."

"अहो, ते मी आपलं एक अनुमान..." मास्तर थांबले.

"त्ये काय असतं त्ये मना ठाव नाय. तुमी बोल्लात, ते जासईपातूर गेलं."

बळीराम गेल्यावर शकू म्हणाली, "तुम्हीच जायला हवं."

मास्तर आधी दाजींकडे गेले. दाजींनी सगळं ऐकून घेतलं.

"गव्हाण म्हणजे गोठ्यात गुरांना वैरण घालतात ती जागा. हे तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग?"

"लोक इतकं मन लावून ऐकत होते, दाजी."

रविवारी मास्तर जासईला जायला उरणच्या एस.टी.त चढले, तेव्हा त्यांच्या शेजारी दाजीही येऊन बसले.

जासईत मुलाची आई कृष्णाबाई ओटीवर सुकी मासळी निवडत होती. मुलगा आनंदा खांबाला टेकून उभा होता. मास्तरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की आपण बोललो त्याला काही आधार नाही.

"तवा खरं बोल्लात का आता खरं बोलताव?" कृष्णाबाईने विचारलं.

"आता."

"मुळात आपल्याकडे आले ते युरोपातलेच हूण, हेही ठरलेलं नाही," दाजींनी पुस्ती जोडली.

"ते जवळजवळ ठरलंय, दाजी."

"कुणी ठरवलं?"

झालं. दोघे तिथेच सुरू झाले. चीनची नोंद, नाण्यांवरची नावं, कवट्यांचे आकार. आनंदा एकदा मास्तरांकडे, एकदा दाजींकडे बघत राहिला. कृष्णाबाईने मासळीची परात बाजूला सारली.

"ती मानसं बोलायची कशी?"

मास्तर भानावर आले. "कुणालाच ठाऊक नाही. त्यांनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही. परक्यांनी टिपलेले तीन शब्द तेवढे उरलेत."

"कंचे?"

"दोन त्यांच्याकडे पाहुण्यांना देत त्या पेयांचे. तिसरा 'स्त्रावा'. त्यांचा राजा मेला तेव्हा थडग्यापाशी सगळे मिळून जेवले, त्या जेवणाला म्हणत."

"तोही त्यांचाच, याची खात्री नाही," दाजी हळूच म्हणाले.

कृष्णाबाईने आनंदाकडे बोट केलं.

"याचा बापूस गेल्या साली खाडीत गेला," ती म्हणाली. "तेराव्याला सगला गाव जेवला. मी वाढत व्हते, आनि मानसं मधी मधी हसत व्हती. मना लय राग आला. मंग वाटलं, बरं हाय, घरात आवाज तरी हाय." तिने पदराने हात पुसले. "तुमचे हूण बी हसले असतील."

"असतील," मास्तर म्हणाले.

तिने आनंदाकडे पाहिलं. "तुला पोर पसंत हाय ना?"

"हाय."

"मंग व्हऊ दे. पन मास्तर, हे मना एकटीला सांगून भागायचं नाय. गावात सांगा."

मास्तर तसेच उठून मारुतीच्या देवळापाशी गेले. पारावर बसलेल्या माणसांपुढे, आपण चुकीचं बोललो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. कुणीतरी हसलं. मास्तरांचे कान तापले, पण वाक्य त्यांनी पुरं केलं. परतीच्या गाडीत दाजींनी हूणांचा विषय काढला नाही. मास्तरांना ते फार बरं वाटलं.

लग्न फाल्गुनात झालं. पुढच्या थंडीत पनवेलच्या बाजारात मैना मास्तरांना भेटली. सासूसाठी लुगडं घ्यायला आली होती. तिने वाकून नमस्कार केला.

"माझ्यामुळे तुला फार त्रास झाला, मैना."

"झाला," ती म्हणाली. "तवा मी रोज रडायची. जासईला अजून मना हूणीण म्हनतात."

मास्तरांचा चेहरा उतरला. "मी पुन्हा येऊन सांगू का?"

"नको, मास्तर. सासू बी लाडात आली का तशीच हाक मारते." तिने लुगडं पिशवीत सारलं. "त्या हूणांच्या बाया कशा व्हत्या, ते कुठं लिवलंय का?"

मास्तरांनी आजवर वाचलेलं सगळं आठवून पाहिलं. टोळ्या, राजे, लढाया. बायकांविषयी सांगण्यासारखं फारच थोडं हाती लागलं.

"बघून सांगतो," ते म्हणाले.

एस.टी.ची वेळ झाली होती. मैना पिशवी सावरून स्टँडकडे निघाली, आणि मास्तर तिला गाडीपर्यंत सोडायला गेले.