कालव्यापलीकडचा पत्ता

त्या दिवशी सकाळपासून रुग्णवाहिका केंद्रात विशेष काही घडलं नव्हतं. एका आजोबांचा पाय घसरला होता, एका बाळाने बटण गिळलं होतं. फोन घेणाऱ्या बाईंना सगळं केंद्र 'ताई' म्हणे. त्या कानाला हेडफोन लावून पत्ते टिपून घेत होत्या. अकरा वर्षांचा सराव. हात आपसूक चाले. पत्ता कालव्यापलीकडचा निघाला की नोंदीपुढे 'थांबा' लिहायचं. तिकडे काळ्या कातडीची माणसं राहत. पोलिसांची गाडी सोबतीला मिळेपर्यंत तिकडे रुग्णवाहिका न्यायची नाही, असा नियम होता. तो कुठल्याच कागदावर नव्हता, पण सगळ्यांना तोंडपाठ होता.

साडेअकराला फोन वाजला.

"आई, मीच बोलतेय. बाबांच्या छातीत कळ आलीय. घामाने निथळताहेत. लवकर गाडी पाठवा!"

सून होती. मुलाने कालव्यापलीकडची मुलगी केली तेव्हा ताईंनी महिनाभर तोंड फुगवलं होतं. पण पोरीने लळाच लावला. कालच ती वडिलांना भेटायला गेली होती.

"पाठवते गं, धीर धर," म्हणत ताई पर्यवेक्षकांकडे धावल्या. "साहेब, माझे व्याही आहेत. गाडी दारातच उभी आहे."

"ताई, नियम काय मी तुम्हाला सांगायचा? आज मोडला तर रोज मोडावा लागेल."

कालव्यावरच्या पुलापासून ते घर चार मिनिटांवर. गाडी पन्नास मिनिटांनी पोहोचली. तोवर सगळं आटोपलं होतं.

अंत्यविधी उरकून सून परतली. आठव्या दिवशी भाजी निवडता निवडता तिने विचारलं, "आई, असं पूर्वीही झालंय?"

ताईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. "झालंय."

"किती वेळा?"

दुसऱ्या दिवशी केंद्रात ताईंनी जुन्या नोंदी काढल्या आणि एकेक 'थांबा' मोजायला घेतला.

त्याच महिन्यात वंशभेदाविरुद्ध काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय समितीने सरकारला पत्र धाडलं: रुग्णवाहिका सर्व वस्त्यांत सारख्याच वेळात पोहोचतात का? साहेबांनी ताईंपुढे टंकलेला कागद सरकवला. 'होय. कोणताही भेदभाव नाही.'

"नोंदी तुम्ही ठेवता, तेव्हा तुम्हीच सही करा. बाहेरचे लोक चार दिवस येतील, चहा पिऊन जातील. आपल्याला इथेच राहायचंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचा मुलगाही सरकारी नोकरीतच ना?"

ताईंनी सही केली नाही. घरी नवरा हादरला. "नसती आफत ओढवून कशाला घेतेस? गेलेला माणूस परत येणार आहे का?"

"नाही येणार. पण पुढचा जाईल ना!"

समिती शहरात आली त्या दिवशी ताई नोंदींच्या प्रती घेऊन सुनेसह तिथे गेल्या. समितीच्या बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "आमच्याकडे ना पोलीस, ना तुरुंग. सगळ्या देशांसमोर तुमच्या सरकारला जाब विचारायचा, एवढंच आमच्या हाती. त्याला पुरावा लागतो. तुमचं नाव गुप्त ठेवू."

"नको. यातले निम्म्याहून जास्त 'थांबा' मी लिहिलेत. दोष लिहाल तेव्हा पहिलं नाव माझंच घाला."

शेजारी बसलेल्या सुनेने मान खाली घातली. पण ती उठून गेली नाही.

पंधरा दिवसांत ताईंची नोकरी गेली. मुलाची दूर बदली झाली. घराच्या दाराला कुणीतरी डांबर फासलं. समितीने सरकारला भर सभेत विचारलं. सरकारने उत्तरासाठी सहा महिने मागून घेतले.

सहा महिने! तेवढ्यात कालव्यापलीकडे किती जणांच्या छातीत कळ येईल, हे कोण मोजणार होतं? मग सासू-सुनेनेच ठरवलं. सुनेच्या माहेरी, कालव्यापलीकडच्या घरात जाऊन राहायचं. फोन कधी गेला, गाडी कधी आली, ते टिपायचं आणि दर महिन्याला समितीकडे पाठवायचं.

पहिल्याच सकाळी समोरच्या घरातून किंकाळी ऐकू आली. बाई बाळंतपणात अडली होती. सुनेने फोन लावला. पलीकडून एका नव्या मुलीचा कोवळा आवाज आला, "पत्ता सांगा."

सुनेने सांगितला. पलीकडून एवढंच आलं, "थांबा."

ताईंनी वहीत वेळ लिहिली आणि दोघी दारात येऊन रिकाम्या पुलाकडे बघत उभ्या राहिल्या.