पहिल्या पानावरची इरम्मा

अणदूरच्या बाजारात भाजी घेताना एका बाईनं शिवलीलाबाईंना अडवलं आणि त्यांचं पुस्तक वाचून लई रडल्याचं सांगितलं. लेखिकेला आनंद व्हायला हवा होता, झाला संताप. गावोगाव शेंगाचटणी विकून पोरं शिकवणाऱ्या आईवर त्यांनी लिहिलेलं ‘इरम्माची चटणी’ जो भेटेल त्यानं वाचलेलं, आणि धाराशिवचे प्रकाशक कल्याणप्पा मात्र म्हणत होते, पुस्तक खपत नाही, दुसरं छापायची ऐपत उरली नाही. हा माणूस आपल्याला सरळसरळ बनवतोय, याबद्दल बाईंना तिळमात्र शंका नव्हती. कळंबला छपाईचं दुकान असलेल्या धाकट्या भावानं, उमाशंकरनं, त्यात आणखी तेल ओतलं. प्रकाशक सगळे असलेच, म्हणाला.

बाई तडक धाराशिवला गेल्या. कल्याणप्पांनी वाद घातला नाही, गोदाम उघडून दाखवलं. गठ्ठ्यांची सुतळीसुद्धा सुटली नव्हती. दुकान बंद करतोय, एवढंच ते म्हणाले. बाई ओशाळल्या. पण मग लोक वाचत होते ते पुस्तक आलं कुठून?

पुढच्या रविवारी उमाशंकरनं कळंबला अक्काचा सत्कार ठेवला. लोक घरून आपापली प्रत घेऊन सहीसाठी रांगेत उभे राहिले. बाईंनी पहिली प्रत उघडली. पहिल्या पानावर आईचा फोटो होता. मनासारखा उमटेपर्यंत कल्याणप्पांनी तो पुन्हा पुन्हा छापून घेतला होता. इथं तोंडाच्या जागी नुसता शाईचा डाग. मागच्याची प्रत मागितली, तिच्यातही तोच डाग. बाईंनी भावाकडे पाहिलं आणि त्यानं नजर चुकवली.

"शंकर, हे तुझ्या मशीनवरचं हाय का?"

"घरोघरी पोचवलं तुला, अक्का. कल्याणप्पाच्या किमतीत कुणी घेतलं असतं? आन् आपल्या घरचंच तर हाय."

घरचंच! बाईंना भावाची शरम वाटली. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि त्या रांगेकडे वळल्या.

"ह्याच्यावर मी सही करणार न्हाय. ज्यानं माझ्या आईचं तोंड नीट छापलं, त्याचं दुकान बंद पडतंय. माझं दुसरं पुस्तक त्याच्या टेबलावर तसंच पडून हाय. ते आता तुमच्यापर्यंत येणार न्हाय."

आमाला काय ठाऊक, असं रांगेतली एक बाई पुटपुटली. ती खोटं बोलत नव्हती. पण पुस्तक निम्म्या किमतीत हाती पडलं तेव्हा तिनं विचारलंही नव्हतं. आपल्या कपाटातल्या पुस्तकांबद्दल आपण तरी कुठं विचारलंय?

सत्काराची शाल खुर्चीवर ठेवून शिवलीलाबाई एकट्याच एसटी स्टँडकडे निघाल्या.